रायगड किनाऱ्यावरील आपत्कालीन वैद्यकीय सेवा आणि सेवकांचे खचणे

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीत तातडीच्या रुग्णाला पहिला हात लावणारी माणसे अनेक प्रकारची आहेत. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेतला डॉक्टर आणि चालक, प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या सिस्टर, कक्षसेवक, अडलेल्या बाईबरोबर अपरात्री गाडीत बसणारी आशा सेविका, किनाऱ्यावरचा जीवरक्षक आणि दरीत दोर लावून उतरणारे गिर्यारोहक. कोणी कायम सेवेत, कोणी ठेक्यावर, कोणी मानधनावर, तर कोणी बिनपगारी. शिक्षणातही आयुर्वेदाच्या पदवीपासून दहावीपर्यंत अंतर आहे. तरी ही माणसे ज्या तऱ्हेने थकतात, त्या तऱ्हेत विलक्षण सारखेपणा आढळतो.

या थकव्याला ‘बर्नआउट’ हे नाव १९७४ साली हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दिले. न्यू यॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करताना त्याच्या लक्षात आले की झोकून देऊन काम करणारेच आधी विझतात. पुढे १९८१मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी तो मोजण्याची प्रश्नावली तयार केली आणि त्याची तीन अंगे ठरवली. पहिले अंग मन रिते होण्याचे. दुसऱ्यात समोरच्या माणसाबद्दल कोरडेपणा येतो. रुग्ण ‘ती फुरसेवाली केस’ किंवा ‘तीन नंबरचा बेड’ होऊन जातो. तिसऱ्यात आपल्या हातून काही बरे होते आहे हा विश्वासच जातो. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२पासून लागू केलेल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची गणना आजारांत केलेली नाही. नोकरीतून उद्भवणारी अवस्था म्हणून त्याची नोंद आहे. ही मांडणी योग्यच, कारण ती बोट माणसाच्या स्वभावाकडे न दाखवता कामाच्या जागेकडे दाखवते. अडचण एवढीच की आजार नसल्यामुळे रजेच्या अर्जावर हे कारण चालत नाही, तिथे ‘ताप व अंगदुखी’ असेच लिहावे लागते.

बर्नआउट आणि आघात या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. भीषण दृश्य पाहिल्यानंतर ते पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, त्या जागेवरून जाताना छातीत धडधडणे, झोपेतून दचकून उठणे ही आघाताची लक्षणे. बर्नआउट हळूहळू, महिनोन्‌महिने साचत जातो. आपत्कालीन सेवेत दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि बोलताना लोक आघाताचीच चर्चा अधिक करतात, कारण ती डोळ्यांना दिसते. स्कॉटलंडमधील रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे एकतृतीयांश जणांत मानसिक त्रासाचे, बर्नआउटचे आणि आघाताच्या लक्षणांचे प्रमाण जास्त आढळले. एका कठीण प्रसंगानंतर दुसरा येईपर्यंत सावरायला पुरेसा वेळ मिळत नाही, हीही त्यांची तक्रार होती. म्हणजे प्रसंगाइतकेच त्याच्या मागचेपुढचे तासही महत्त्वाचे ठरतात. रायगडात तर ते तास फार लांब आहेत.

महाराष्ट्रात १०८ची सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. राज्यासाठी ९३७ गाड्या आल्या. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक यंत्रणेच्या आणि ७०४ मूलभूत यंत्रणेच्या. प्रत्येक गाडीत चालकाबरोबर डॉक्टर असणे हे या योजनेचे वैशिष्ट्य. हा डॉक्टर बहुतेक वेळा आयुर्वेद, होमिओपॅथी किंवा युनानीचा पदवीधर असतो आणि आपत्कालीन उपचारांचे प्रशिक्षण घेऊन गाडीवर चढतो. चालकाला या सेवेत ‘पायलट’ म्हणतात. फोन पुण्यातल्या नियंत्रण कक्षात लागतो आणि तिथून जवळच्या गाडीला कॉल मिळतो. गरोदर माता आणि नवजात बालकांसाठी १०२ची गाडी वेगळी आहे.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक याने १९७९मध्ये मांडलेले एक सूत्र इथे तंतोतंत लागू पडते. ज्या कामात मागणी जास्त आणि स्वतःच्या हातात निर्णय कमी, ते काम माणसाला सर्वाधिक पोखरते. गाडीवरच्या डॉक्टरने कुठल्या कॉलला जायचे हे दुसरे कोणी ठरवते. रुग्ण कुठल्या रुग्णालयात न्यायचा हे तिथे खाट आहे की नाही, सर्जन आहे की नाही यावर ठरते. रस्ता किती खणला आहे हे तर कोणाच्याच हाती नसते. उशीर झाला की मात्र शिव्या गाडीला पडतात.

किनाऱ्याचा भूगोल या ताणाचे मोठे कारण आहे. धरमतर, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांनी किनारपट्टीचे तुकडे केले आहेत. आगरदांड्याहून समोर दिघी दिसते. जेटीवरची फेरी मिळाली तर पलीकडे जायला काही मिनिटे पुरतात, पण रात्री गाडीला माणगावमार्गे मोठा वळसा पडतो. गेटवे ते मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहने नेणारी रो-रो मार्च २०२०मध्ये सुरू झाली खरी, पण तिला वेळापत्रक आहे आणि हृदयविकाराच्या झटक्याला ते नसते. मुरूडहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय पन्नासएक किलोमीटर. श्रीवर्धनहून माणगावचे उपजिल्हा रुग्णालय तेवढेच, म्हसळ्याच्या वळणांतून. माणगावात भागले नाही तर पनवेल किंवा मुंबई, म्हणजे महामार्गावरचे आणखी शंभरेक किलोमीटर. या सगळ्या प्रवासाला रुग्णालयाच्या भाषेत एकच शब्द आहे : रेफर.

रेफरची एक रात्र जवळून पाहिली तर ताण नेमका कुठे बसतो ते कळते. डोक्याला मार लागलेला तरुण स्ट्रेचरवर आहे. डॉक्टर बाजूच्या अरुंद बाकावर तिरका बसून एका हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबतो आहे, दुसऱ्या हाताने छताची दांडी धरली आहे. घाटाच्या वळणावर सलाइनची बाटली भिंतीवर आपटते. समोर दोन नातेवाईक. एक सतत फोनवर, दुसरा दर पाच मिनिटांनी ‘अजून किती?’ विचारणारा. डॉक्टरची नजर ऑक्सिजनच्या काट्यावर, कारण सिलिंडर पनवेलपर्यंत पुरेल की वाटेत बदलावा लागेल याचा हिशेब चालू आहे. पुढे चालकाच्या कानावर मागचा सगळा आवाज पडतो, मान वळवता येत नाही. मोठ्या रुग्णालयाच्या दारात खाट मिळेपर्यंत थांबायचे, कागदावर सही-शिक्का घ्यायचा. मग तीच गाडी धुवायची. फरशीवरचे रक्त पाण्याने एकदा, जंतुनाशकाने दुसऱ्यांदा. चादर पिशवीत, हातमोजे लाल पिशवीत, सामानाची यादी तपासून वहीत नोंद. परतीचा प्रवास रिकाम्या गाडीचा. पेशंट पुढे जगला की गेला हे बहुधा कधीच कळत नाही. मास्लाकच्या तिसऱ्या अंगाचे मूळ या न कळण्यात आहे.

परतीच्या या रिकाम्या फेरीकडे सहसा दुर्लक्ष होते. धोका मात्र तिथेच अधिक असतो. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७मध्ये दाखवले की सलग १७ तास जागा राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतका मंद होतो. भारतात वाहन चालवताना कायद्याने चालणारी मर्यादा ०.०३ टक्के आहे. दिवसभर घरचे काम करून रात्रपाळीला आलेला चालक पहाटे चार वाजता महामार्गावर असतो, तेव्हा दारूचा थेंबही न घेता तो या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असतो. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत तो कायदा सामावला गेला. रुग्णवाहिकेवर बारा तासांची पाळी ही नवलाईची गोष्ट नाही, आणि रिलिव्हर आला नाही तर ती किती लांबेल याला धरबंद नसतो.

जवळ उपाय नसताना रुग्ण हाताळणे वेगळ्या प्रकारे खचवते, आणि याचे सर्वांत बोलके उदाहरण याच जिल्ह्यातले आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात १९७६मध्ये रुजू झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण डोळ्यांदेखत दगावताना दिसत. विषाने हृदयावर ताण येतो, फुप्फुसात पाणी भरते आणि रुग्ण, त्यातही लहान मूल, काही तासांत जाते. रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून त्यांनी लक्षणे टिपली आणि १९८०च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध वापरून मृत्यूचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून एका टक्क्यावर आणले. त्यांना २०२२मध्ये पद्मश्री मिळाली. या संशोधनाची चर्चा नेहमी रुग्णांच्या बाजूने होते. त्याने कोकणातल्या एकट्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या रात्री बदलल्या, ही बाजूही तेवढीच मोठी. करण्यासारखे काही हाती आले की तोच रुग्ण, तीच रात्र, तेच आरोग्य केंद्र सोसवते. सर्पदंशाच्या बाबतीत हे अर्धेच घडले आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालणारे प्रतिविष असते, पण त्याची रिअ‍ॅक्शन सांभाळायला माणूस आणि सामग्री लागते. ती नसेल तर रुग्ण पुन्हा गाडीत आणि गाडी पुन्हा महामार्गावर.

महामार्गाबद्दल फार लिहायला नको. मुंबई–गोवा रस्त्याच्या पनवेल ते इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११मध्ये सुरू झाले आणि एक तपाहून अधिक काळ रेंगाळले. १९ जानेवारी २०२३च्या पहाटे माणगाव तालुक्यातील रेपोलीजवळ मोटार आणि ट्रकची धडक झाली, त्यासारखे अपघात इथल्या गाड्यांच्या नोंदवह्यांत वर्षभर विखुरलेले आहेत.

मोठ्या आपत्तींची यादी या जिल्ह्याच्या वाट्याला जरा जास्तच आली आहे. जुलै २००५मध्ये महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीवरचा पूल वाहून गेला. जुलै २०१८मध्ये आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस दरीत गेली आणि एकच जण वाचला. २०२१च्या जुलैत तळिये गावावर डोंगर आला, ८०हून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. इर्शाळवाडीला गाडीरस्ता नव्हता. रुग्णवाहिका पायथ्याशी रांगेने उभ्या होत्या आणि वर जखमी होते. पावसात रात्रीचा तो डोंगर चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. त्याआधी सप्टेंबर २०१९मध्ये उरणच्या ओएनजीसी प्रकल्पातील आगीत चौघे गेले, त्यांत औद्योगिक सुरक्षा दलाचे तीन अग्निशमन जवान होते. वाचवायला गेलेल्यांचे मृत्यू त्या-त्या आपत्तीच्या आकड्यात मिसळून जातात आणि त्यांच्याबरोबर तिथे असलेल्या सहकाऱ्यांना दुसऱ्या दिवशी नेहमीची पाळी असते.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले ते कोरोनाच्या ऐन धास्तीत. विजेचे खांब आडवे, मोबाइलचे टॉवर बंद, रस्त्यांवर नारळी-पोफळी. जे कर्मचारी पीपीई किट घालून रुग्ण हलवत होते, त्यांच्याच घरांची कौले आणि पत्रे उडाले होते. ड्युटी सोडून घर शाकारायला जावे तर रुग्ण वाऱ्यावर, न जावे तर म्हातारे आईबाप पावसात. अशा पेचात माणूस काहीही निवडो, अपराधीपणा चुकत नाही. मानसशास्त्रात याला नैतिक इजा म्हणतात, आणि ती विश्रांतीने भरून येत नाही.

समुद्रकिनाऱ्याचा ताण वेगळा आहे. १ फेब्रुवारी २०१६ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयातील १४ विद्यार्थी बुडाले. अशा वेळी बाहेर काढणारे आधी कोळी आणि जीवरक्षक, मग छातीवर दाब देणारे गाडीवाले, मग ग्रामीण रुग्णालयातले दोन-तीन लोक. लहान मुलांचे आणि तरुणांचे मृत्यू, ओळखीच्या माणसाचा मृत्यू, आणि सगळे करूनही हाती काही न लागणे, या तीन गोष्टी आपत्कालीन सेवकांना सर्वांत जास्त छळतात, असे निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. बुडण्याच्या घटनेत पहिली आणि तिसरी गोष्ट एकदमच येते.

दुसरी गोष्ट गावात येते. मुंबईचा रुग्णवाहिका चालक रुग्णाला पुन्हा भेटत नाही. मुरूड किंवा म्हसळ्याचा चालक त्याच पंचक्रोशीतला. स्ट्रेचरवरचा मुलगा त्याच्या भाच्याबरोबर क्रिकेट खेळलेला असतो. आठवड्याने बाजारात त्या मुलाचे काका भेटतात आणि विचारतात, ‘गाडी पंधरा मिनिटं आधी आली असती तर वाचला असता का रे?’ प्रश्नात आरोप नसतो, म्हणूनच त्याला उत्तर देता येत नाही. जवळिकीचा दुसरा चेहराही आहे : संतापलेला जमाव. डॉक्टर आणि वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१०चा कायदा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पण रोजची शिवीगाळ, गाडीच्या दारावर मारलेल्या लाथा, ‘तुझं नाव सांग, बघतो’ ही भाषा पोलीस ठाण्यापर्यंत जात नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याच गावात राहायचे असते.

नोकरीची अनिश्चितता या सगळ्याच्या तळाशी आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांनी कायम करण्याच्या मागणीसाठी २०२३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये राज्यभर संप केला. समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट याने १९९६मध्ये दाखवले की श्रम आणि मोबदला यांचा मेळ बसला नाही की हृदयविकाराचा धोकाही वाढतो. त्याच्या लेखी मोबदल्यात पैशाबरोबर मान आणि नोकरीची शाश्वती येते. शेजारच्या घरातला कायम कर्मचारी आणि आपण एकच काम करतो ही जाणीव थकव्याला कडवटपणा देते.

घरावर होणारा परिणाम ग्रीनहाउस आणि ब्यूटेल यांनी १९८५मध्ये तीन वाटांनी समजावला : वेळ, मनाचा ताण आणि वागणूक. रायगडात वेळेची वाट सर्वांत रुंद आहे. घरच्यांची सुट्टी तीच सेवेची गर्दी. गौरी-गणपतीला चाकरमानी कोकणात उतरतात, महामार्गावर वैद्यकीय मदत केंद्रे उभी राहतात आणि कर्मचाऱ्यांच्या रजा रद्द होतात. शिमग्याचे तेच, नाताळ-थर्टीफर्स्टचे तेच, आणि आता तर प्रत्येक शनिवार-रविवारचे, कारण किहीम, नागाव, काशीद, दिवेआगर गाड्यांनी भरून जातात. भातलावणीचे दिवस आणि दरडींचे दिवस एकच. शेतात हातांची गरज असते तेव्हा चालकाची पाळी डबल झालेली असते. गणपती घरात बसलेले असताना आरतीला कर्ता मुलगा नाही, हे एका वर्षी चालते. दरवर्षी झाले की भावकीत बोलले जाते आणि ते बोलणे ऐकायला घरी बायको असते.

मनाचा ताण कसा उतरतो यावर शेरिल रिगेर या कॅनडातील अभ्यासिकेने २००५मध्ये पॅरामेडिकच्या जोडीदारांशी बोलून लिहिले आहे. घरी आलेला माणूस गप्प असतो, जोडीदार त्या गप्प राहण्यावरून दिवस कसा गेला ते ओळखायला शिकतो आणि सगळे घर त्याप्रमाणे वागते. इकडच्या घरांत हे वेगळे नाही. कपडे मागच्या दारी वेगळे भिजतात, आंघोळ झाल्याखेरीज मुलाला उचलायचे नाही. जेवताना विचारले तर ‘काही नाही, एक केस होती’ एवढेच. कोरोनाच्या काळात ही शिस्त सक्तीची झाली आणि अनेकांच्या घरी ती नंतरही राहिली. तिसरी वाट वागणुकीची. गाडीत जो आवाज जीव वाचवतो, म्हणजे ‘बाजूला व्हा, दांडी धरा, बोलू नका’, तोच स्वयंपाकघरात चालत नाही. कुठल्याही दुखण्याला ‘यात काय एवढं?’ म्हणण्याची सवयही लागते. पोराचा एकशे दोन ताप वैद्यकीय डोळ्याला किरकोळ वाटतो, आईला नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हिशेब दुप्पट होतो. नाइट करून सकाळी घरी आलेली सिस्टर झोपत नाही. डबे, धुणी, मुलांची शाळा आटोपून तिला दुपारी दोन-तीन तास मिळतात. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्यांचा प्रश्न उलट असतो. क्वार्टरमध्ये एकटेपणा, आणि दार वाजवले की ड्युटी सुरू. काहीजण संध्याकाळी दारूकडे वळतात. याबद्दल खात्यात फारसे बोलले जात नाही.

उपायांचा विचार करताना एक लोकप्रिय समजूत आधी बाजूला करावी लागते. मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्यांना एकत्र बसवून अनुभव बोलायला लावण्याची पद्धत जेफ्री मिचेल याने १९८३मध्ये मांडली आणि ती जगभर पसरली. नंतर अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन आढाव्यात अशा एकाच बैठकीचा उपयोग दिसला नाही. काहींना त्याने त्रासच झाला असावा. आता भर आहे तो मानसिक प्रथमोपचारावर, ज्याची पुस्तिका जागतिक आरोग्य संघटनेने २०११मध्ये काढली : सुरक्षितता, पाणी, जेवण, घरी फोन, आणि ज्याला बोलावेसे वाटेल त्याचे ऐकणे. ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२पासून आहे आणि ती मराठीतही बोलते. योगशिबिरे आणि ताणमुक्तीची व्याख्याने अधूनमधून होतात. ज्याची रात्रपाळी त्याच सकाळी संपली आहे त्याला तिथे हजेरी लावायला बोलावणे हा विनोदच.

खरा फरक पाळ्यांच्या तक्त्यात पडतो. लांबच्या रेफरनंतर पुढचा कॉल दुसऱ्या गाडीला देणे, पनवेलपलीकडे गेलेल्या चालकाला परतण्याआधी झोपायला जागा देणे, गणपतीची रजा आळीपाळीने लावून ती चैत्रातच जाहीर करणे, रुग्णाचे पुढे काय झाले हे नेणाऱ्या पथकाला कळवणे, यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही. शेवटची गोष्ट तर एका फोनची आहे. व्यवसायाच्या मान्यतेच्या बाजूने २०२१चा संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा आला. त्यात आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाला प्रथमच स्वतंत्र व्यावसायिक म्हणून स्थान मिळाले.

बाकीचा उपाय रस्त्यावर आणि खाडीवर आहे. अलिबागला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१मध्ये सुरू झाले. तिथे जितके विभाग रात्रीही चालतील तितके रेफर कमी होतील. १२ जानेवारी २०२४ला खुला झालेल्या २१.८ किलोमीटरच्या अटल सेतूने उरण आणि पेणकडून मुंबईची वाट जवळची केली आहे. म्हसळा, श्रीवर्धनला त्याचा लाभ थोडाच, कारण त्यांची अडचण राजपुरीच्या खाडीत आहे. रेवस–रेड्डी सागरी महामार्गावर करंजा–रेवस, आगरदांडा–दिघी आणि बाणकोट खाडीवरचे पूल योजलेले आहेत. ते झाले की श्रीवर्धनच्या गाडीला अलिबाग थेट किनाऱ्याने गाठता येईल आणि माणगावचा वळसा सुटेल.